एकशे शहाण्णव गाठी

माझ्या हाताखालून गेलेल्या ताग्यात दोष राहिला, असं इचलकरंजीत कुणी म्हणून दाखवावं. एकतीस वर्षं मी मेंडिंगच्या टेबलावर काढली. विणून आलेलं कापड पसरायचं, बोटं फिरवून तुटका धागा शोधायचा, टोकाला टोक जुळवून गाठ मारायची आणि ती अशी दाबायची की व्यापाऱ्यानं भिंग लावलं तरी त्याला सापडू नये. मेंडर म्हणजे हेच. मी कस्तुरी मगदूम, तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. आता जे सांगणार आहे ते माझ्याच चुकीचं आहे, त्यामुळं फटकळपणा माझ्यावरच निघणार, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

आमचा घरचा मागाचा कारखाना दोन हजार चौतीस साली बंद पडला. नवे माग आले, त्यांना आडवा धागा नेणारा धोटा लागत नाही, माणूसही फारसा लागत नाही. आमचे हे, बाळगोंडा मगदूम, जन्मभर जॉबर. म्हणजे माग रुसला की त्याची समजूत काढणारे. वीस माग भंगारात गेले तेव्हा ते गप्प बसले, पण शेवटच्या चारांना त्यांनी हात लावू दिला नाही. रोज सकाळी जाऊन तेल घालायचे. मी म्हणायचे, "अहो, आता नैवेद्यही दाखवा की." त्यावर ते नुसते हसायचे, आणि मला त्या हसण्याचा राग यायचा, कारण काम सुटलेल्या माणसाचं हसणं कसं असतं ते मला घरात रोज बघावं लागत होतं.

मग घरात सून आली. मुलगा सन्मती जहाजावर, सहा महिने पाण्यात. सून केतकी साताऱ्याची, इंजिनिअर. लग्नाला महिना झाला नसेल, ही रिकाम्या शेडमध्ये उभी राहून सासऱ्याला विचारते, "मामा, दोन खांबांमधलं अंतर किती?"

"साडेअठरा फूट. का गं?"

"इथं शर्यतीचा ट्रॅक बसतो."

छोट्या गाड्यांच्या शर्यतींचं वेड तेव्हा देशभर पसरलं होतं. हातभर लांबीची रिमोटची गाडी, वजन दोन किलो, वेग ताशी शंभर किलोमीटर. चालवणारे उंच चौथऱ्यावर रिमोट घेऊन उभे. एका वेळी दहा गाड्या. गाडी उलटली की ती सरळ करायला ट्रॅकच्या कडेनं माणसं उभी लागतात, त्यांना मार्शल म्हणतात. दोन किलोचं लोखंड शंभरच्या वेगानं माणसाच्या नडगीवर आलं तर काय होतं, ते सांगायला डॉक्टर नको. दोन वर्षांत तीन मार्शलांचे पाय मोडले आणि शर्यत संघानं नियम केला: बंदिस्त ट्रॅकच्या भिंतीपाठीमागं जिवंत माणसं उभी करून, दहा गाड्या सोडून, परीक्षा घेतली जाईल. पास झालात तरच परवानगी.

आता भिंत कशाची करायची, इथंच सगळ्यांचं घोडं अडलेलं. लाकडाची केली तर माणूस वाचतो, पण गाडीचा चक्काचूर होतो आणि उरलेले तुकडे उसळून परत ट्रॅकवर येतात, मागच्या गाड्या त्यावर आदळतात. स्पंजाची केली तर गाडी वाचते, पण भिंत इतकी आत दबते की पाठीमागचा माणूस सापडतो. म्हणजे भिंतीला दोन्ही यायला पाहिजे, मऊ होणं आणि कडक होणं, आणि कधी काय व्हायचं हे तिचं तिला कळलं पाहिजे.

केतकीकडं त्याला उत्तर होतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तिनं तीन वर्षं एका सुतावर काम केलेलं. आम्ही त्याला शहाणं सूत म्हणायला लागलो. हे सूत आतून पोकळ, आत घट्ट तेल, आणि तेलात पिठापेक्षा बारीक कण. सुताच्या सालीवर चांदीचा मुलामा. त्यातून वीज नसली की सूत उकडलेल्या शेवईसारखं लिबलिबीत. वीज सोडली की आतले कण एकामागं एक रांगेत उभे राहतात आणि सूत वेतासारखं ताठ. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं. शिवाय सूत दाबलं गेलं की त्यातल्या विजेत बारीक फरक पडतो, म्हणजे त्याला स्पर्शही कळतो.

"मग विणून घे की कुठंही," मी म्हटलं.

"तिथंच अडलंय, आत्या." आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. "नवे माग आडवा धागा प्रत्येक फेऱ्याला कापतात. कापला की तेल गळतं, वीज तुटते, सूत मेलं. मला न कापता वळून परत येणारा धागा पाहिजे."

हे ऐकून आमचे हे खुर्चीतून उठले. धोट्याच्या मागावर आडवा धागा कापला जात नाही, काठाला पोचला की वळून माघारी येतो. देशात असे चालू माग बोटांवर मोजण्याइतके राहिले होते, त्यातले चार आमच्या शेडमध्ये तेल पिऊन बसलेले. त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मी वाढत राहिले.

ट्रॅकची आखणी सासरा आणि सून दोघांनी मिळून केली. चाळीस वर्षांचं तेल मुरलेली फरशी खरवडून तिच्यावर गालिचा चिकटवला. पूर्वी मागांमधून कामगार ज्या वाटांनी फिरायचे त्याच वाटा मार्शलांसाठी ठेवल्या, कारण खांबांमधून न धडकता चालायचं वळण त्या वाटांनाच होतं. कुठलाही सरळ पट्टा माणसाच्या दिशेनं संपणार नाही असं बघितलं. एक तिसरं वळण तेवढं अवघड निघालं. तिथं खांबामुळं मार्शलला भिंतीच्या अगदी पाठीशीच उभं राहावं लागणार होतं. "तिथं मी उभा राहतो," हे म्हणाले. "माझाच खांब आहे तो." परीक्षा पास झाली की त्यांना तिथं मुख्य मार्शल म्हणून नोकरी मिळणार होती. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्या माणसानं नवे बूट आणून कपाटात ठेवले होते, आणि रोज संध्याकाळी काढून बघायचे.

त्या चार मागांवर केतकीनं एक नवा विणकर बसवला आणि कापड विणून झालं. गुडघ्याच्या वर येईल एवढ्या रुंदीचं आणि लांबीला आठशे फुटांपेक्षा थोडंसं कमी. केतकी कसलेतरी यंत्राचे भाग आणायला पाच दिवस पुण्याला गेली होती आणि विणकरानं तागे माझ्या टेबलावर आणून टाकले. मी आणि नूरजहान दोघींनी ते उघडले. नूरजहान माझ्या शेजारी चोवीस वर्षं बसलेली मेंडर.

कापड उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. दर चार फुटांवर खालच्या काठाला धाग्याची दोन टोकं लोंबत होती. टोकाला वाळलेल्या खळीसारखा एकेक थेंब.

"कसला विणकर गं हा?" मी म्हटलं. "धोट्यातल्या प्रत्येक कांडीला धागा तोडून बसलाय. आणि खळ पण पुसली नाही मेल्यानं."

"विचारायचं का केतकीला?" नूरजहान म्हणाली.

"काय विचारायचं? तुटलंय ते दिसतंय की."

खरं सांगते, मला विचारायचं नव्हतं. घरात महिनोन् महिने ट्रॅकची चर्चा चालू होती, खांबांचं अंतर सासऱ्याला विचारलं, मागाचा वेग सासऱ्याला विचारला. कापडाबद्दल मला कुणी एक शब्द विचारला नव्हता. मेंडर सगळ्यात शेवटी, हे मला सवयीचं होतं, पण घरातच तसं झालं म्हणून ते लागलं होतं. म्हटलं, आता ही येईल आणि बघेल की सासूनं काय काम केलंय. तीन दिवसांत आम्ही दोघींनी सगळी टोकं जोडली. थेंबाच्या अलीकडं गाठ, टोक आत वळवून दाबलेलं. अशा एकशे शहाण्णव गाठी. इतकं सुबक काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

भिंत उभी राहिली. खालचा काठ जमिनीवरच्या पट्टीत दाबून बसवला, वरच्या काठाला विजेची पट्टी. सरावाला गाडीवाले आले, सातजण, कोल्हापूर-सांगलीचे. त्यांनी गाड्या सोडल्या आणि वेडेच झाले. गाडी भिंतीवर जायची, कापड तिला पोटात घ्यायचं आणि अलगद धरून ठेवायचं. एकाही गाडीचं चाकसुद्धा निखळलं नाही.

"काकू, असली भिंत देशात नाही," त्यातला एक माझ्याजवळ येऊन म्हणाला. "कापड तुम्ही तपासलं म्हणे?"

"तपासलं नाही. पुरं केलं," मी म्हटलं. दोन दिवस मी त्याच तोऱ्यात होते.

केतकी मात्र खूश नव्हती. जेवायला बसली तरी मांडीवर संगणक. तिसऱ्या दिवशी मी ताट पुढं सरकवून म्हटलं, "काय झालंय ते तरी सांग. गाडीवाले तर ओवाळायला निघालेत."

"तेच तर, आत्या. भिंत जास्त मऊ आहे. तिसऱ्या वळणावर गाडी धडकली की सातव्या वळणाची भिंतही मऊ होते. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे आणि ती मला सापडत नाही. परीक्षेला सहा दिवस राहिलेत."

"सगळी मऊ झाली तर बिघडलं कुठं?"

तिनं माझ्या पदराचा काठ हातात घेतला. "हे बघा. ही भिंत एक नाहीये, एकशे सत्त्याण्णव तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्याचा धागा वेगळा, म्हणजे प्रत्येकाचं डोकं वेगळं. माणूस पाठीशी उभा राहिला की त्याच्या पायाचा दाब त्या तुकड्याला कळतो आणि तो कडकच राहतो, गाडी फुटली तरी चालेल. शेजारचा तुकडा गाडी आली तर मऊ होतो. ज्याचं त्यानं ठरवायचं. पण सगळे एक झाले तर काय? माणसाच्या पायाचा दाब हलका, गाडीचा धक्का जोराचा. जो जोरात बोलला त्याचं सगळ्यांनी ऐकायचं, असं होईल. एक गाडी तिकडं धडकली की इकडं मामांच्या पुढची भिंतही मऊ, आणि त्याच वेळी दुसरी गाडी तिथं आली की…" तिनं पदराचा काठ मुठीत आवळला. नंतर म्हणाली, "म्हणून तर मी विणकराकडून दर चार फुटांवर धागा तोडून घेतला होता. टोकं लाखेच्या थेंबानं बंद करून."

तिनं पदर सोडला. मी पदर घेऊन कपाळ पुसलं. मला घाम फुटला होता आणि पंखा डोक्यावर चालू होता.

त्या वेळी मी सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की मी जोडली गं ती टोकं. एरवी दहा घरं ऐकतील एवढं बोलणारी मी, उठून आमटी गरम करायला गेले. लाज वाटली. तिच्यापुढं नाही, माझ्या हातांची लाज वाटली. ज्या हातांवर मी एकतीस वर्षं मिरवले त्यांनीच नवऱ्याच्या पायापुढची भिंत काढून घेतली होती, आणि मी चुलीपुढं उभी राहून हिशेब करत होते की कुणाला न कळता त्या गाठी परत कशा सोडवता येतील. कळणार नाही अशा गाठी मारल्या होत्या, त्या सोडवतानाही कळू नये एवढीच माझी धडपड.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराव होता. केतकीनं बजावलं होतं की प्रोग्रॅम सुधारेपर्यंत भिंतीपाठीमागं कुणी उभं राहायचं नाही. पण आमचे हे ऐकतील तर ना. नवे बूट घालून तिसऱ्या वळणावर जाऊन उभे. दोनच गाड्या चालू होत्या. मी दारातून बघत होते. एक गाडी पलीकडच्या टोकाला भिंतीत घुसली, आणि दुसरी यांच्याकडं वळताना घसरली. कापड फुगलं, वीतभर आत आलं, आणि हे खांबाला धरून खाली बसले.

हाड मोडलं नाही. बुटाच्या वर नडगीला सूज आली, काळंनिळं झालं. हे म्हणाले, "काय न्हाई गं, मागाचा दांडा यापेक्षा जोरात लागायचा." केतकीनं बर्फ आणला, पट्टी बांधली, आणि तिथंच फरशीवर बसून म्हणाली, "मी संघाला कळवते. भिंत नापास. माझी रचनाच चुकलीये. मामा, मला माफ करा."

"तुझी नाही चुकली," मी म्हटलं.

"आत्या, समजूत घालू नका."

"मी कुणाची समजूत घालत नसते. ती टोकं मी जोडली. सगळीच्या सगळी. मला वाटलं विणकराची चूक आहे. आणि तू काल पदर धरून सांगितलंस तेव्हाच मला कळलं होतं, तरी मी गप्प बसले. आज यांचा पाय जायचा होता."

हे माझ्याकडं बघत होते, त्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही. केतकीनं बर्फाची पिशवी यांच्या नडगीवर परत नीट ठेवली.

"तुम्हाला मी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. "मी विणकराला सांगितलं. मेंडिंगला सांगायचं डोक्यातच आलं नाही. चूक माझी आहे."

"अर्धी तुझी. ती तू घे. गप्प बसायची माझी आहे, ती मला राहू दे. आता उठ आणि हे सोडवायचं कसं ते बोल."

तिनं डोळे पुसले आणि उठली. कातर चालणार नव्हती, कापलं की तेल गळून तो तुकडा मरणार. गाठच सोडवायला पाहिजे होती, म्हणजे लाखेनं बंद केलेली टोकं शाबूत राहतील. गाठी कुठं आहेत ते साधारण माहीत होतं, पण ताणून बसवताना कापड सरकलेलं, आणि दिसायला तर काहीच दिसत नव्हतं. केतकी भिंग घेऊन पहिल्या चार फुटांवर अर्धा तास बसली. तिला सापडली नाही.

"आत्या, काय काम करून ठेवलंय तुम्ही," ती म्हणाली, आणि इतक्या सगळ्यात तिला हसू आलं. मलाही आलं, पण माझं रडण्याच्या फार जवळचं होतं.

मी नूरजहानला बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही दोघी दोन टोकांनी गुडघ्यांवर बसलो. हे लंगडत पुढं पुढं जाऊन पट्टीचे स्क्रू सैल करत होते. डोळ्यांचं काम नव्हतंच. काठावरून अंगठा फिरवत जायचं, जिथं धागा मोहरीच्या चतुर्थांशाएवढा जाड लागेल तिथं थांबायचं. विणकरी गाठ ओढून सुटत नाही, एका टोकाला मागं ढकलून सैल करावी लागते, त्याची एक खुबी आहे. केतकी तिच्या यंत्रापाशी बसली होती. एक गाठ सुटली की यंत्रावर भिंतीचा एक तुकडा वेगळा दिसायचा आणि ती मोठ्यानं आकडा सांगायची. दुपारच्या जेवणापर्यंत शंभर झाले. मी आयुष्यभर तुटलेलं जोडलं, त्या दिवशी प्रत्येक आकड्याला माझ्या पोटात तुटत होतं, आणि तरी पुढचा आकडा ऐकायची घाई होती.

संध्याकाळी साडेपाचला ती म्हणाली, "एकशे शहाण्णव तुकडे. एक गाठ राहिली. एकसष्ट आणि बासष्टच्या मधली."

तिसरं वळण. यांची जागा. मला आठवलं, तिथं एक टोक आखूड होतं, म्हणून मी गाठ न मारता ते कापडातच विणून टाकलं होतं. सुई घेऊन एकेक धागा उचलत ते मी बाहेर काढलं. निघालं, पण लाखेचा थेंब तुटून माझ्या नखाखाली आला आणि टोकातून तेलाचा एक टिपूस बाहेर पडला. केतकीनं जागच्या जागी पर्समधून नखांना लावायचा लाल रंग काढला आणि ते टोक त्यात बुडवलं. आम्ही तिघी त्यावर फुंकर घालत बसलो. यंत्र म्हणालं, एकशे सत्त्याण्णव.

पुढचे तीन दिवस केतकीनं त्या तुकड्यापाठीमागं जोंधळ्याचं पोतं उभं करून चाळीस वेळा गाडी आदळवली, आणि प्रत्येक वेळी पलीकडं दुसरीही गाडी भिंतीत घातली. पोतं हललं नाही. गाडीवाले मात्र कुरकुरायला लागले. तिघांच्या गाड्या फुटल्या. "आधीची मऊ भिंतच बरी होती," एकजण म्हणाला. "मार्शल काढून टाका आणि गाड्या उचलायला यांत्रिक हात बसवा की."

"यांत्रिक हात बसवले तर ही भिंत मऊच चालेल," केतकी शांतपणे म्हणाली. "पण मी भिंत माणसांसाठी केलीये. गाडी परत बांधता येते." मला त्या क्षणी ती पोर फार आवडली. तसं मी तिला सांगितलंही, तिथल्या तिथं, सगळ्यांदेखत.

परीक्षेला संघाचे बिडकर म्हणून अधिकारी आले. उंच, शिस्तीचे, हातात वही. आराखडा बघून म्हणाले, "तिसऱ्या वळणावर माणूस पाहिजेच. कोण आहे?"

हे पुढं झाले. बिडकरांनी लंगडणं बघितलं आणि मान हलवली. "दुखऱ्या पायाचा माणूस चालणार नाही. दुसरा द्या, नाहीतर परीक्षा पुढं ढकलू. पुढची तारीख सहा महिन्यांनी."

बाकीच्या वळणांवर माणसं होती. तिसऱ्याला कुणीच पुढं येईना. लाल रंगानं बंद केलेल्या टोकाची गोष्ट सगळ्यांना माहीत झाली होती.

"मी उभी राहते," मी म्हटलं.

"आत्या, नको," केतकी म्हणाली.

"चाळीस वेळा पोतं उभं केलंस ना? माझ्यात आणि पोत्यात फार फरक नाही." मी यांच्याकडं वळले. "अहो, बूट द्या."

यांनी बूट काढले आणि वाकून स्वतः माझ्या पायात घातले. सैल होते. त्यांनी नाड्या दोनदा आवळल्या. मी साडीचा काष्टा मारला आणि खांबाशी जाऊन भिंतीला नडग्या टेकवून उभी राहिले. कापड थंड होतं. माझा पाय लागताच ते आणखी ताठ झालं, तो बदल मला कातडीवर कळला.

चौथऱ्यावरून केतकीनं इशारा केला आणि दहा गाड्या सुटल्या. आवाज इतका की मागाच्या दिवसांची आठवण झाली. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पहिल्या सात फेऱ्या नीट गेल्या. आठव्या फेरीला पलीकडं, सातव्या वळणावर, दोन गाड्या एकदम भिंतीत घुसल्या. तिथलं कापड मऊ झालेलं मला इथून दिसलं. माझ्या नडग्यांपुढचं मऊ झालं की नाही ते बघायला मी खाली मान घालणार, तेवढ्यात एक पिवळी गाडी वळणावर घसरली आणि सरळ माझ्यावर आली. पूर्ण वेगात. चौथऱ्यावरून केतकी ओरडली ते मी ऐकलं. मी डोळे मिटले नाहीत.

धाडकन आवाज झाला. गाडीचं नाक चेपलं, चाकं चार दिशांना गेली, वरचा पिवळा टप भिंतीच्या पायथ्याशी पडला. माझ्या नडग्यांना कापड जेवढं आधी टेकलं होतं तेवढंच टेकलेलं होतं, तसूभरही जास्त नाही.

बिडकरांनी शिट्टी वाजवून शर्यत थांबवली आणि धावत आले. हे एका पायावर उड्या मारत त्यांच्या पुढं पोचले होते. केतकी चौथऱ्यावरच खाली बसली होती, तोंड दोन्ही हातांत धरून.

"बाई, लागलं का? बाहेर या," बिडकर म्हणाले. "दोन फेऱ्या राहिल्यात, त्याला आपण दुसरा माणूस बघू."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मी पुसलंही नाही. मार्शलचं काम गाडी उचलायचं असतं, म्हणून मी भिंत ओलांडून पिवळ्या गाडीचे तुकडे गोळा केले, चारही चाकं मोजून घेतली आणि बिडकरांच्या हातात दिली. मग परत खांबाशी गेले, नडग्या कापडाला टेकवल्या आणि चौथऱ्याकडं तोंड करून हाक मारली.

"केतकी, ऊठ. सोड गाड्या."